इन्व्हर्टरच्या बॅटरीचा करंट वरखाली होतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

लाइट गेल्यावर पंखा मध्येच मंदावतो आणि परत वेग घेतो. डिस्प्लेवर चार्जिंगचा आकडा १४ अँपिअरवरून ३ वर येतो, पुन्हा १२ वर जातो. दोन तासांचा बॅकअप वीस मिनिटांत संपतो आणि लाइट आल्यावर थोड्याच वेळात बॅटरी 'फुल' दाखवते. यावर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: बॅटरी गेली, नवी घ्या. कधी तो बरोबरही असतो. पण ठाणे-नवी मुंबईतल्या कळवा, विटावा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ अशा खाडीलगतच्या भागांत या तक्रारीचं मूळ पुष्कळदा बॅटरीच्या बाहेर, टर्मिनलवर आणि वायरच्या टोकाला असतं. खारी दमट हवा, पावसाळ्याचे चार महिने आणि बॅटरीतून निघणारी आम्लाची सूक्ष्म वाफ, तिन्ही मिळून तांबं आणि शिसं यांच्यामधला जोड खातात. म्हणून पंधरा हजारांच्या आसपासचा खर्च करण्याआधी एक दुपार काढून मोजमाप करा.

मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. करंट आपोआप अस्थिर होत नाही. वाटेत कुठेतरी रोध वाढतो, तिथे व्होल्टेज पडतं आणि करंट त्यामागोमाग हलतो. घरातला ४०० वॉटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ४० अँपिअर ओढतो, कारण इन्व्हर्टरमध्येही १५ ते २० टक्के ऊर्जा वाया जाते. अशा वेळी एखाद्या जोडात फक्त ५ मिलिओहम रोध असेल तर तिथे ०.२ व्होल्ट पडतात आणि ८ वॉट उष्णता तयार होते. उष्णतेने जोड आणखी काळवंडतो, मऊ शिसं दबतं, नट सैल पडतो. इन्व्हर्टरला मिळणारं व्होल्टेज कमी झालं की बाहेरचे २३० व्होल्ट टिकवण्यासाठी तो बॅटरीतून आणखी करंट ओढतो. करंट वाढला की जोडातलं व्होल्टेज आणखी पडतं. आकड्यांचा हेलकावा इथूनच सुरू होतो.

कोणता चढउतार नॉर्मल आहे

चार्जिंगचा करंट कमी होत जाणं हा दोष नाही. रिकाम्या बॅटरीत चार्जर आधी पूर्ण करंट सोडतो. व्होल्टेज १४.२ ते १४.४ च्या आसपास पोचलं की ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरतो. शेवटी १३.५ ते १३.८ च्या फ्लोटवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या हलक्या चार्जिंगवर) एक-दोन अँपिअर किंवा त्याहून कमी उरतो. काही मॉडेल फ्लोटमध्ये करंट थांबून थांबून देतात, तेव्हा आकडा शून्य आणि दोन यांच्यामध्ये फिरताना दिसतो. तेही ठीक.

डिस्चार्जच्या वेळी मीटरवर एक-दोन अँपिअरची थरथर दिसतेच. बाहेर ५० हर्ट्झचा एसी बनवताना इन्व्हर्टर बॅटरीतून सेकंदाला १०० झटक्यांनी करंट घेतो आणि मीटर त्याची सरासरी दाखवत असतो. फ्रिज जोडलेला असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना करंट क्षणभर कित्येक पट उडतो. म्हणून तपासणीच्या वेळी फ्रिज बंद ठेवा.

लोड तोच असताना करंट ४० वरून ६० वर जाऊन परत येणं, एकदम शून्य होणं, वायरला हात लावल्यावर आकडा हलणं, टर्मिनल चटका बसेल इतकं तापणं, ही मात्र दोषाची लक्षणं.

हाताशी काय लागेल

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या भाषेत टाँग टेस्टर. इथे फसगत होते, कारण स्वस्त टाँग टेस्टर बहुधा फक्त एसी मोजतात. अँपिअरच्या खुणेजवळ नुसतं लाटेचं चिन्ह असेल तर तो बॅटरीच्या वायरवर शून्यच दाखवेल. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असं चिन्ह हवं, आणि शून्य करण्याचं बटणही हवं. त्याशिवाय मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या द्रवाची घनता मोजणारी नळी), १० आणि १३ नंबरचे पाने (दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळलेले), खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, डिस्टिल्ड वॉटर, रबरी हातमोजे आणि गॉगल.

चाचणीसाठी न बदलणारा लोड लागतो. १०० वॉटचे चार पिवळे बल्ब मिळाले तर उत्तम. नाहीतर ४०० वॉटचा छोटा राइस कुकर पाणी भरून लावा, पाणी आटेपर्यंत त्याचा लोड हलत नाही. घरभरचे एलईडी दिवे लावून हे काम होत नाही. करंट इतका कमी राहतो की खराब जोडही चांगला वाटतो.

हात घालण्याआधी

अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटू शकतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघडा. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरची ट्रॉली बऱ्याचदा पॅसेजमध्ये देवघराशेजारीच असते. काम चालू असताना निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेलं नको.

मेन स्विच पाडला म्हणजे घरातली वायर मेली असं समजू नका, इन्व्हर्टर तिला वीज देतच असतो. जोड सोडताना आधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा, मग त्याचा प्लग भिंतीतून काढा, मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि शेवटी पॉझिटिव्ह सोडा. जोडताना बरोबर उलट. शेवटचा जोड टेकताना एक बारीक ठिणगी उडते, ती आतले कपॅसिटर भरताना येते. म्हणूनच चार्जिंग थांबवल्याबरोबर जोडाजोड करू नये. अर्धा तास हवा खेळू द्या आणि व्हेंटची, म्हणजे पाणी घालायच्या भोकांची, झाकणं लावलेली ठेवा.

पहिलं मोजमाप: बॅटरी शांत असताना

रात्रभर चार्ज करा, सकाळी जोड सोडा आणि तीन-चार तास तशीच राहू द्या. लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. मल्टिमीटरवर १२.५ ते १२.८ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, ११.९ किंवा कमी म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभराच्या चार्जिंगनंतरही १०.५ च्या आसपास आकडा येत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेलचे सुमारे २.१ व्होल्ट असतात. तशा बॅटरीवर पुढची मेहनत नको.

चांगला आकडा आला म्हणून बॅटरी चांगली, असं मात्र नाही. झिजलेली बॅटरीही शांत असताना १२.७ दाखवते. खरं काय ते लोडखाली कळतं.

दुसरं: लोडखाली दोन ठिकाणी व्होल्टेज

बॅटरी परत जोडा, भिंतीतला प्लग काढलेलाच ठेवा आणि ४०० वॉटचा लोड चालू करा. टाँग टेस्टर शून्य करून फक्त एका वायरभोवती अडकवा. दोन्ही वायरी जबड्यात घेतल्या तर येणारा-जाणारा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. १२ व्होल्टच्या सिस्टीमवर ४० अँपिअरच्या आसपास, दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टवर २० च्या आसपास करंट दिसायला हवा.

आता एकदा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर आणि एकदा वायर इन्व्हर्टरला जोडली आहे तिथे व्होल्टेज घ्या. १५० अँपिअर-अवरची धड बॅटरी दहा मिनिटांनंतरही खुंटांवर १२ च्या आसपास टिकते. तिथेच आकडा भराभर उतरून ११.५ खाली गेला तर दोष बॅटरीच्या आत. खुंटांवर स्थिर, पण इन्व्हर्टरच्या टोकाला ०.३ व्होल्टपेक्षा जास्त कमी किंवा सतत हलतं, तर दोष वाटेत. या दोन आकड्यांनी निम्मा प्रश्न सुटतो. इतका सोपा तपास घरी येणारा माणूस बहुधा करत नाही, म्हणून त्याला तो मुद्दाम करायला सांगा.

तिसरं: वाटेवर एक-एक जोड

लोड चालूच ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घ्या. एक प्रोब शिशाच्या खुंटात टोचा. क्लॅम्पवर किंवा नटावर टेकवू नका, तिथे टेकवलं तर नेमका दोषाचा जोड मोजमापातून सुटतो. दुसरा प्रोब थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर. ४० अँपिअरला २० मिलिव्होल्टपर्यंत जोड चांगला, ५० झाले तर साफ करायचा, १०० च्या वर गेले तर दोष तिथेच आहे. हेच निगेटिव्हला करा, मग फ्यूज किंवा एमसीबी असेल तर त्याच्या दोन टोकांवर, मग वायरच्या एका थिंबलपासून दुसऱ्यापर्यंत.

वायरचा स्वतःचा रोध हिशोबात धरा. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे १.२ मिलिओहम रोध असतो. म्हणजे दीड मीटरच्या तुकड्यात ४० अँपिअरला ७० मिलिव्होल्टच्या आसपास पडणं योग्य आहे. दीडशे-दोनशे दिसले तर वायर बारीक आहे, आतून कुजली आहे किंवा तांबं नसून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ट्रॉली गॅलरीत ठेवण्यासाठी वायर तीन-चार मीटर लांबवली असेल तर २५ चौरस मिलिमीटरचीच हवी.

मीटर लावलेला ठेवून वायर हलक्या हाताने हलवा. आकडा उडतो का ते बघा. उडाला तर दोष हाताखाली सापडला.

थिंबलच्या मानेजवळ इन्शुलेशनला लहानसा चीर देऊन आत डोकवा. (आधी अर्थातच लोड बंद करून वायर सोडायची.) चांगलं तांबं तांबूस आणि चकचकीत दिसतं. आम्ल वायरीत चढलेलं असेल तर तारा काळ्या पडलेल्या, त्यांच्यावर हिरवट-निळी भुकटी, आणि नखाने ओढलं तर एक-एक तार तुटून येते. बाहेरून प्लॅस्टिक नव्यासारखं असतं, त्यामुळे हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, पाच-सात सेंटिमीटर गेली तरी चालेल. नवा थिंबल योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला थिंबल काही महिन्यांत पुन्हा सैल पडतो.

जोड साफ करणं आणि बसवणं

कपभर पाण्यात चमचाभर सोडा घालून ब्रशने टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार धुवा. फेस थांबला म्हणजे आम्ल संपलं. हे पाणी सेलमध्ये अजिबात जाऊ देऊ नका, झाकणं घट्ट लावूनच धुवा. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. शिसं आणि थिंबल दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा.

बसवताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थिंबल आणि शिसं यांच्यामध्ये वॉशर घालणं. थिंबल थेट शिशावर सपाट बसला पाहिजे. त्याच्यावर साधा वॉशर, त्याच्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. वॉशर मध्ये आला की सगळा करंट लोखंडाच्या त्या चकतीतून आणि बोल्टमधून जातो, आणि इथल्या हवेत लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. नट घट्ट करा, पण जोर लावून पिळू नका, शिसं मऊ असतं. स्प्रिंग वॉशर चपटा झाला की पुरे. पेट्रोलियम जेली सगळं आवळून झाल्यावर वरून फासायची.

मग तिसरं मोजमाप पुन्हा घ्या. आकडे खाली आले नसतील तर काम झालेलं नाही.

सेलची तपासणी

खुंटांवरच व्होल्टेज पडत असेल तर पाण्याकडे वळा. पाणी पातळीच्या खुणेखाली असेल तर डिस्टिल्ड वॉटर टाका. नळाचं नको, आरओचं नको (त्यातही क्षार उरतात) आणि एसीतून टपकणारंही नको, त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी टाका, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. ॲसिड कधीच टाकायचं नाही. कमी होतं ते पाणीच.

पाणी टाकल्या टाकल्या हायड्रोमीटर लावू नका. नवं पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो. रात्रभर चार्ज करून मग सहाही सेलचे आकडे कागदावर लिहा. ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटांच्या) बॅटरीत पूर्ण चार्जला साधारण १.२३० ते १.२५० येतात, नेमका आकडा लेबलवर असतो आणि तो २७ अंश सेल्सिअसचा असतो. द्रव दहा अंशांनी जास्त गरम असेल तर वाचनात ०.००७ मिळवा. उन्हात तापणाऱ्या गॅलरीत हा फरक मोजण्याइतका असतो.

सहाही सेल सारखे पण खाली, म्हणजे १.१९० वगैरे, असतील तर बॅटरी पुरती चार्ज होत नाही किंवा प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसला आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच करंट हलवतो आहे. लोडखाली तो आधी रिकामा होतो आणि पूर्ण बॅटरीला ओढतो. अशी बॅटरी बदलणं हाच उपाय.

सगळे सेल सारखे खाली असतील तर मात्र घाई करू नका. जोड साफ करून सलग चोवीस तास चार्ज करा आणि परत मोजा, आकडे वर येत असतील तर बॅटरीला संधी आहे. ठाणे-नवी मुंबईत वीज रोज जात नाही, त्यामुळे बॅटरी महिनोन् महिने फ्लोटवर पडून राहते. आम्ल खाली बसतं, पाणी आटतं आणि कुणी बघत नाही. मग १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस येतो, मुंबईसह ठाणे-नवी मुंबईची वीज एकदम जाते आणि बॅटरी पार रिकामी होते. अशा खोल डिस्चार्जनंतर १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअरने दहा ते चौदा तास सलग चार्जिंग लागतं. मध्येच बंद करून ती अर्धवट ठेवली की सल्फेट कडक होतं.

चार्जिंगचा करंटच हलत असेल तर

आधी त्याच दोन ठिकाणी, चार्जिंग चालू असताना, व्होल्टेज घ्या. इन्व्हर्टरच्या टोकाला १४.४ आणि खुंटांवर १३.८ दिसलं तर चार्जर फसतो आहे. त्याला बॅटरी भरली असं वाटतं, तो करंट उतरवतो, व्होल्टेज पडतं, तो पुन्हा वाढवतो. तासाभरात 'फुल' दाखवणाऱ्या बॅटरीमागे बहुधा हेच असतं, आणि उपाय वर सांगितलेली साफसफाई. दोन्हीकडे आकडा सारखाच आणि काही मिनिटांत १४.४ वर उडी मारत असेल, तर सल्फेट.

मग भिंतीतलं व्होल्टेज बघा. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर तो मेन तोडतो आणि रिले टक-टक वाजत राहतो, करंटही त्याबरोबर येतो-जातो. बऱ्याचदा पुरवठा ठीक असतो आणि प्लगचा सॉकेटच ढिला असतो. संपूर्ण घराचा इन्व्हर्टरवरचा लोड त्याच प्लगमधून जातो, म्हणून जुन्या सोसायट्यांमधले काळवंडलेले सॉकेट बदलून घ्या. मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच असतो. ट्युब्युलर बॅटरीवर तो सीलबंदच्या खुणेवर राहिला असेल तर चार्जिंग आधीच थांबतं.

रिपलची झटपट चाचणी

रिपल म्हणजे बॅटरीच्या डीसी व्होल्टेजवर चढलेला एसीचा तरंग. ४०० वॉट लोडखाली मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून खुंटांवर लावा. बॅटरी निरोगी असेल तर ०.२ च्या आसपास येतं. ०.५ च्या वर गेलं तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला आहे. आधी लोडशिवाय मीटर तपासून घ्या. काही साधे मीटर नुसत्या डीसीवरही एसीचा मोठा आकडा दाखवतात आणि प्रोब उलटे केले की शून्य, त्यांचा इथे उपयोग नाही.

दोन बॅटऱ्या किंवा लिथियम असेल तर

२४ व्होल्टच्या जोडीत प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. लोडखाली दोघींमध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर कमजोर बॅटरी दुसरीलाही घेऊन जाते. एकच नवी आणून जुनीला जोडू नका. दोघींना जोडणारी मधली आखूड वायरही वाटेतला जोडच आहे, ती हमखास विसरली जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत करंट बहुधा डळमळत नाही, थेट शून्य होतो, कारण आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, सर्किट तोडते. असं झालं तर इन्व्हर्टरचं चार्जिंग व्होल्टेज आणि बॅटरीच्या लेबलवरची मर्यादा जुळते का ते बघा.

इन्व्हर्टरचं झाकण

खुंटांवर व्होल्टेज स्थिर, जोडांचे मिलिव्होल्ट कमी, सेल सारखे, भिंतीतला पुरवठा नीट, आणि तरीही करंट उड्या मारतो, तर दोष इन्व्हर्टरच्या कार्डात, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डात. फुगलेले कपॅसिटर, गेलेला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) किंवा करंट मोजणाऱ्या शंटचं सुटलेलं सोल्डर, यांपैकी काहीतरी. खात्रीसाठी मोटारीची चांगली १२ व्होल्टची बॅटरी लावून, प्लग काढलेला ठेवून, १०० वॉटचा एकच बल्ब पाच मिनिटं चालवा. तेव्हाही करंट हलला तर कार्ड दुरुस्तीला द्या. झाकण घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात. मेकॅनिकला 'बॅकअप कमी आहे' एवढंच न सांगता लिहिलेले आकडे दाखवा: शांत व्होल्टेज, लोडखालचे दोन व्होल्टेज, करंट, जोडांचे मिलिव्होल्ट, सहा सेलचे हायड्रोमीटर. त्या कागदावर नुसता 'बॅटरी बदला' हा सल्ला टिकत नाही.

बॅटरी बदलावीच लागली तर जुनी दुकानदारालाच परत द्या. वजनाप्रमाणे नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसे वजा होतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत रिसायकलिंगकडेच जायला हवी. उचलायला हलकी व्हावी म्हणून आतलं ॲसिड मोरीत किंवा सोसायटीच्या गटारात ओतू नका, त्यात शिसं असतं. आणि नवी बॅटरी त्याच जुन्या थिंबलवर बसवू देऊ नका, वायरची दोन्ही टोकं बदलूनच घ्या.